व्हय व्हय म्हणणारी माणसं

बाईंना नमस्कार,

मी वेंगुर्ले तालुक्यातली. दापोलीला कृषी पदवी घेतली, पाच वर्षं नोकरी केली आणि जूनमध्ये टांझानियात म्त्वारा इथे दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून आले. काम काजूचं. बायकांच्या गटांना छाटणी, फवारणी आणि बी फोडणं शिकवायचं. घरची काजूची बाग असल्यामुळे वाटलं होतं, हे तर माझ्या अंगणातलंच काम.

तीन महिने होत आले. बायका माझं सगळं ऐकतात, माना डोलावतात, हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखंच करतात. एकदा मी स्वतः मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सकाळी आठची सभा सांगितली, ‘सा नाने’ म्हणून. एकही बाई आली नाही. दहापर्यंत थांबले आणि रडत खोलीवर आले. दुपारी त्या सगळ्या नटूनथटून हसत आल्या होत्या म्हणे. हा अपमान नाही तर काय?

मागच्या आठवड्यात एक बाई उठून म्हणाली, ‘आमची बी तुमचाच देश कच्ची विकत नेतो. मग तू आम्हाला फोडायला कशाला शिकवतेस?’ मला उत्तर देता आलं नाही. इकडे बाबा फोनवर म्हणतात, ‘आफ्रिकेची बी येते म्हणून आपल्या बीला भाव नाही, आणि तू त्यांनाच शिकवायला गेलीस. ती पण बिनपगारी.’

राहते ऑफिसच्या मागच्या खोलीत. कुंपण आहे, वॉचमन आहे. कामावरून आले की दार लावते, नूडल्स उकळते, मोबाईल बघते. दिवसातून वीस वेळा हात धुते. घरी ‘मस्त चाललंय’ सांगते. गणपतीला आपण घरी नसणार, या विचारानेच घसा दाटून येतो. परत येऊ का? आले तर लोक काय म्हणतील?

– काजूवाली

*

प्रिय काजूवाली,

आधी त्या सभेचं बघू. तुझ्या बायका वेळेवर आल्या होत्या. नव्हतीस ती तू.

स्वाहिली घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. तिकडे विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास उगवतो. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. आठ वाजले की ‘सा म्बिली’, म्हणजे दुसरा तास. नाने म्हणजे आठ हे तू बरोबर पाठ केलंस, पण ‘सा नाने’ म्हणजे उजाडल्यापासून आठवा तास, दुपारचे दोन. त्या बिचाऱ्यांनी सकाळची कामं उरकली, अंघोळी केल्या, चांगले कांगे नेसल्या आणि दुपारी दोनच्या ठोक्याला हजर झाल्या. नटूनथटून आल्या हे तूच लिहिलं आहेस. आणि बोलावणारीचाच पत्ता नाही! आता सांग, अपमान कुणाचा झाला?

मनाला लावून घेऊ नकोस. मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्याच देशात टांगा नावाच्या शहरात (घोड्याचा नव्हे) दोन वर्षं मास्तरकी केली. पहिल्याच महिन्यात बाराच्या बसचं तिकीट काढलं आणि भर दुपारी पिशव्या घेऊन स्टँडवर उभी राहिले. बस पहाटे सहालाच गेली होती. त्यांचे बारा म्हणजे रात्र संपून दिवस उगवायची वेळ. तिकीट देणाऱ्या पोराला मी मराठीत काय काय बोलले, ते या सदरात छापता येणार नाही.

तर उद्या जा आणि ‘समहानी’ म्हणून त्यांची माफी माग. काय घोटाळा झाला तो नक्कल करून सांग. मांड्यांवर हात मारून हसतील. हसू दे. तीन महिन्यांत तू त्यांना दिलेली ती पहिली खरी वस्तू असेल.

आता त्या माना डोलावण्याचं. ते वाचून मला माझे मुंबईचे दीर आठवले. तुझ्याही घरी असा कुणी असेलच. गणपतीला येतो, कुडाळला गाडीतून उतरतो आणि घरी पोचेपर्यंत गाव सुधारायचा आराखडा त्याच्या डोक्यात तयार असतो. शेणाने काय सारवता, लाद्या घाला. भातात काय मिळतं, होमस्टे काढा. वाडीतली माणसं पडवीत बसून त्याचा चहा पितात, ‘व्हय व्हय, करूया’ म्हणतात. विसर्जन होतं, चाकरमानी जातो, आणि तिसऱ्या दिवशी सगळं होतं तसं चालू. त्याला वाटतं, गावाला कळत नाही. गावाला मात्र एवढंच माहीत असतं की हा अकरा दिवसांचा आहे. चिखलात पाय घालायची वेळ आली की हा नसणार.

पोरी, तू तिथे गणपतीला आलेली चाकरमानी झाली आहेस.

हे वाचायला कडू लागेल. पण यात एक बरी गोष्टही आहे. त्या बायका तुला टाळत नाहीत. त्या तुझ्याशी अगदी आपल्यासारख्याच वागतायत, पाहुण्याचा मान राखून. त्यांच्याकडे एक म्हण आहे, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. तुझे तीन महिने होत आले आणि अजून तुझ्या हातात कुणी कुदळ दिलेली नाही. कारण तू ती मागितलीच नाहीस. तू गेलीस ती तक्ते आणि वेंगुर्ल्याच्या कलमांची माहिती घेऊन. देणारी म्हणून गेलीस. आजवर तू त्यांच्याकडून काय घेतलंस? पत्रात मी शोधलं, काही सापडलं नाही.

काजूचंच बघ. आपल्याकडे मोहोर आला की डोळा असतो ढेकण्या किडीवर. तिकडे खरा वैरी भुरी. मोहोरावर पांढरी बुरशी चढते आणि दाणाच धरत नाही. त्यासाठी गंधकाची भुकटी धुरळतात. तू जूनला पोचलीस, म्हणजे मोहोराचे दिवस, म्हणजे भुरीचेच दिवस. त्या काळात तू त्यांना काय शिकवत होतीस? ढेकण्या असेल तर मला हसू आवरणार नाही. कुठल्या झाडावर आधी चढते, पहाटेच्या दवात गंधक कसं चिकटतं, हे कुठल्याही म्हातारीला माहीत असेल. तिच्या मागून चाल. नालिएंदेलेची काजू संशोधन संस्था तर तुझ्या दाराशी आहे. तिथेही जा, पण म्हातारीकडे आधी.

आणखी एक. तुझ्या गटातल्या साठीच्या बायकांनी जे पाहिलंय, ते तुला तक्त्यात सापडणार नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या देशात वर्षाला सुमारे १,४५,००० टन काजू बी निघत होती. १९८०चं दशक संपता संपता ती २०,०००च्या आत आली. सरकारने विखुरलेल्या वस्त्या मोडून माणसांना नव्या गावांत नेऊन बसवलं, झाडं राहिली मैलोन्मैल लांब. भाव पडला, झाडांकडे कुणी बघेना, वर भुरी. त्याच काळात कर्ज काढून बी फोडायचे मोठमोठे कारखाने बांधले, यंत्रं परदेशातून आली. बहुतेक बंद पडले. आता तू जाऊन म्हणतेस, चला, बी फोडायला शिकूया. त्यांच्या ‘व्हय व्हय’मध्ये किती वर्षांचा अनुभव असेल, बघ.

म्हणून त्या उठून बोललेल्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. तू तिच्यामुळे घाबरलीस, मी असते तर तिच्या घरी गेले असते. पाहुण्याला कुणी असं विचारत नाही. तिने विचारलं, म्हणजे तिने तुला माणसात घेतलं. तिथली बरीचशी बी कच्चीच जहाजात चढते आणि भारतात, व्हिएतनामला जाऊन फुटते. आपल्या कारखान्यांना इथली बी पुरत नाही, म्हणून तिकडून आणतात. हे खरं आहे, आणि तिच्याइतकंच तुझ्या बाबांचंही खरं आहे. बाहेरची बी बंदराला लागली की इकडचा भाव खाली येतो, ही ओरड सिंधुदुर्गात दर हंगामात होते.

तर एका झाडाच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी आहेत, एक तुझा बाप आणि एक ती बाई. दोघांनाही वाटतंय की समोरचा आपल्याला बुडवतोय. झाड दोघांचंही नाही, ते तर पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ब्राझीलहून आणून दोन्ही किनाऱ्यांवर लावलं. मधे कोण कमावतं, हे शोधायला तुझ्याइतकी सोयीच्या जागी कोण आहे? मी अर्थशास्त्री नाही. पण बी तिथेच फुटली, मजुरी तिथेच राहिली, तर कच्ची बी स्वस्तात इकडे लोटायची घाई कमी होईल, एवढं मला कळतं. बाबांना हे पटेलच असं नाही. मंडईत भाव विचारायला ते जातात, मी नाही. तरी त्या बाईला एवढं जरूर सांग की माझे बाबा पण तुझ्यासारखेच भांडतात. मग तिला त्यांची बाग दाखव. व्हिडिओ कॉल लाव आणि आपण बाजूला हो. तिकडे कोरोशो म्हणतात, इकडे काजू, बोंडू दिसलं की पुढचं दोघं बघून घेतील. हवं तर तू तेवढं भाषांतर कर.

खोलीचं मला पटलं नाही. कुंपणाच्या आत राहून शेजार मिळत नाही. संस्थेला विचारून, सुरक्षिततेचं बघून, एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली मिळते का पाहा. नाही मिळाली तर निदान जेवण तरी दाराबाहेर कर.

मी पहिले दीड महिने पाव आणि काळा चहा यांवर काढले. मालवणची बाई, समुद्र समोर, आणि मासळीशिवाय! का, तर कुणाकडे मागायची लाज. एक दिवस शेजारच्या अंगणात एक आजी बुटक्या लाकडी घोडीवर बसून नारळ खवत होती. पुढे दाते असलेलं पातं, खाली परात. त्या घोडीला ते म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. मला राहवलं नाही. ‘होदी’ म्हणून आवाज दिला, ‘करिबू’ म्हणाली, आणि मी तिला उठवून तिच्या जागी बसले. चार हात मारले तोच ती ओरडली. बाकीच्या बायकांना हाका मारून बोलावलं, बघा बघा, म्हिंदी नारळ खवते! तिथे म्हिंदी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागे बसणारा शेठ. शंभर-सव्वाशे वर्षं त्यांनी हिंदी माणूस असाच जास्त बघितला. तुझ्याकडे बघतानाही आधी तोच दिसत असणार, हे लक्षात ठेव. आणि मग त्या आजीने मला ढकलून दाखवलं की मी चुकीचं खवतेय. आयुष्यभर खवलं, आणि टांग्यात जाऊन चुकलं. पहिला दाट रस वेगळा काढायचा. नारळाच्या रसाला ते ‘तुई’ म्हणतात. मला काय ते माहीत नव्हतं? पण मी गप्प बसले आणि शिकले. त्या दिवसानंतर माझं जेवण एकटीचं कधी झालं नाही.

(पुढे मी त्यांना बांगड्याचं तिखलं करून घातलं, तिरफळं घालून. त्यांना वाटलं, जीभ बधिर झाली म्हणजे बाईने विष घातलं. आंबटाला कोकम नसलं तरी चिंच मिळते. तिरफळाचा हट्ट मात्र सोड.)

कामाला हात घालायच्या आधी नमस्कार पुरा कर, हे तर तुला सांगायला नको. आपल्याकडेही दारात उभं राहून कुणी थेट ‘सातबारा काढा’ म्हणत नाही. आधी ‘बरी मां? जेवलंस? लावणी झाली?’ होतं. तिथे मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं, ती ‘माराहाबा’ म्हणेपर्यंत थांबायचं, मग घरची, पोरांची, कामाची हाबारी विचारायची. दहा मिनिटं जातील. ही दहा मिनिटं म्हणजेच काम आहे, असं धरून चाल. भाषेसाठी शिकवणी लाव, रोज. त्यांच्या अंगावरच्या कांग्यांवर काही ना काही वाक्य छापलेलं असतं, ते वाचून अर्थ विचारत जा. निम्मी चेष्टा तिथेच कळेल. पेसा, लाकी, गुनिया, चपाती, कचुंबरी हे शब्द तर तू घरूनच घेऊन गेली आहेस.

वीस वेळा हात धुण्याचं वाचून मी चमकले. कालेर्व्हो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते. १९५४मध्ये त्यांनी रिओ द जानेरोमध्ये परदेशी राहणाऱ्या बायकांसमोर ‘कल्चर शॉक’वर, म्हणजे परक्या मुलखात बसणाऱ्या धक्क्यावर, भाषण केलं. परमुलखात गेलेल्या माणसाची लक्षणं त्यांनी सांगितली. त्यांत सारखे हात धुणं, पाण्याची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, जरा उशीर झाला की संताप, तिथली भाषा शिकायची टाळाटाळ आणि घराची जीवघेणी ओढ, हे सगळं आहे. तुझं पत्र समोर ठेवून भाषण लिहिलं की काय, असं वाटावं! तेव्हा तुला काही जगावेगळं झालेलं नाही. आधी मजा, मग खड्डा, मग चढण असा आलेख लोक काढून दाखवतात. तसाच्या तसा सगळ्यांना लागू होतोच असं नाही. काहींचा खड्डा पहिल्याच दिवशी लागतो.

पण दोन गोष्टींत मला थट्टा नको. ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन पडू नकोस, त्याच दिवशी मलेरियाचं रक्त तपासून घे. मच्छरदाणीशिवाय झोपू नकोस. आणि रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, असं झालं तर माझ्या पत्राची वाट बघायची नाही. संस्थेतल्या माणसाला आणि डॉक्टरला गाठायचं आणि लागलं तर सरळ विमानात बसायचं. कुणी अंगचटीला आलं, कामाच्या जागी धाक वाटला, तरी तेच. तिथे चिकाटीचं कौतुक मला ऐकायचं नाही.

असं काही नसेल तर मात्र आज परत येऊ नकोस. आणि दोन वर्षांचाही विचार करू नकोस. ऑक्टोबरमध्ये तिकडे बी पडायला लागेल. आपला हंगाम शिमग्याच्या पुढेमागे, त्यांचा दिवाळीच्या. वेचणी संपेपर्यंत थांब. डिसेंबरच्या शेवटी बसून ठरव. बी वेचून पाठ दुखल्यावर ‘परत जाते’ म्हणालीस तर ते मी ऐकेन. लोक काय म्हणतील याची काळजी सोड. आपल्या वाडीत तू आलीस तरी बोलतील, न आलीस तरी बोलतील.

बाबांच्या ‘बिनपगारी’चं मला समजतं. आपल्याकडे माणूस घर सोडतो तो मनीऑर्डर पाठवायला. मुंबईला गेला काय, गल्फला गेला काय, पहिला प्रश्न किती मिळतात. पैशाशिवाय घर सोडायचं हे आपल्या भाषेतच बसत नाही. त्यांना आकडा सांग. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७०पासून चालू आहे आणि तिथेही पगार नसला तरी राहण्याखाण्याचा भत्ता आणि विमा असतो, तुझ्या करारातही काही असेलच. भत्ता किती, खर्च किती, हातात काय उरतं, सगळं सांग. लपवलंस तर ते याहून वाईट कल्पना करतील. आणि आईला ‘मस्त चाललंय’ सांगणं आजपासून बंद. तिला सभेची गोष्ट सांग. फोन तुझ्या संध्याकाळी साडेपाचला कर, तेव्हा इकडे आठ वाजलेले असतात. साडेसातला केलास तर घरात दहा वाजलेले असतात, निजानीज झालेली असते, आणि अर्ध्या झोपेतल्या माणसाला ‘मस्त’ याशिवाय काही सांगताही येत नाही.

पाऊस कसा आहे म्हणून विचारशील. चांगला आहे. तुझ्याकडे आत्ता जो दक्षिणेचा वारा आहे, ज्याला ते कुसी म्हणतात, तोच विषुववृत्त ओलांडून वळतो आणि माझ्या कौलांवर आपटतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली, नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला, होड्या बाहेर गेल्या.

राहिला गणपती. तांदळाचं पीठ तिकडे मिळतं. गुळाला ‘सुकारी गुरू’ म्हणून विचार. नारळाची तर ददातच नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या उठून बोललेल्या बाईकडे जा आणि म्हण, मला उद्या एकवीस मोदक करायचेत, एकटीला जमत नाही, दोन बाया पाठव. नारळ त्यांना खवू दे, त्यांच्या पद्धतीने. मोदकांना कळ्या नाही पडल्या तरी चालतील, माझ्याही आता पडत नाहीत. फक्त सकाळी आठला बोलवायचं असेल तर ‘सा म्बिली’ म्हण.

तुझी,
बाई

ता. क. उकड काढताना पाण्यात मीठ आणि थोडं तेल घाल. पुढच्या पत्रात मोदक फुटल्याची तक्रार आली तर मी उत्तर देणार नाही.